मायनस आठचा नंबर, १.७४ ची काच आणि प्रकाशाचं वाकणं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कॉलेजात आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस आठ नंबर आहे, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६२ मिलिमीटर आहे. सध्या मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकच्या काचा आहेत. कडा जाड दिसतात, रात्री दिव्यांच्या कडेला रंग दिसतात, फोटोत काचा चमकतात, काचेच्या कडेला वलयं दिसतात आणि काचेमागचे डोळे बारीक वाटतात. दुकानात १.७४ इंडेक्सची काच सुचवली आहे आणि ती बरीच महाग आहे. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. प्रकाश काचेत शिरताना वाकतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि १.७४ घेतली तर या पाचही तक्रारी जातील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जाडी कमी होईल, पण तुम्हाला वाटतेय तितकी नाही. रंग फारसे कमी होणार नाहीत. चमक आणि वलयं कोटिंगवर आणि कडेच्या कामावर अवलंबून आहेत. डोळे बारीक दिसणं १.७४ ने तसूभरही बदलणार नाही. आणि तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडेल तो फ्रेम बदलल्यानं. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि मोठ्या नंबरच्या गिऱ्हाइकाला मी इंडेक्सच्या आधी फ्रेमबद्दलच बोलतो. असं का, ते कळायला प्रकाश काचेत काय करतो ते पाहावं लागेल.

पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. हवेत जवळजवळ तेवढाच. काच, प्लॅस्टिक, पाणी यांत शिरला की तो मंदावतो. किती मंदावतो तो आकडा म्हणजे इंडेक्स, शाळेच्या पुस्तकातला अपवर्तनांक. १.५ इंडेक्सच्या काचेत वेग २ लाख किलोमीटरवर येतो, १.७४ मध्ये तो सुमारे १ लाख ७२ हजार होतो. पाण्याचा इंडेक्स १.३३, हिऱ्याचा २.४२. डब्यावर लिहिलेल्या १.५६, १.६०, १.६७, १.७४ या आकड्यांचा अर्थ एवढाच.

आता मंदावल्यानं किरण वाकतो कसा? किरण पृष्ठभागावर काटकोनात पडला तर वाकत नाही, नुसता मंदावून सरळ आत जातो. तिरका पडला तर प्रकाशाच्या लाटेची एक बाजू आधी काचेत शिरते आणि आधी मंदावते, दुसरी बाजू अजून हवेत पुऱ्या वेगानं चाललेली असते. नांगरलेल्या रानात तिरकी शिरणारी बैलगाडी जशी आधी रुतलेल्या चाकाकडे वळते, तशी ती लाट वळते. वेगवान माध्यमातून मंद माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेकडे, झुकतो आणि बाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर जातो. किती झुकतो याचा नियम बगदादच्या इब्न सहल यानं ९८४ च्या सुमारास भिंगं घडवण्यासाठी वापरला होता. युरोपात तो १६२१ मध्ये डच गणिती स्नेलला सापडला आणि पाठ्यपुस्तकांत त्याच्याच नावानं आला. मला इब्न सहलचं विशेष कौतुक वाटतं, कारण त्यानं हा नियम भिंगाचा आकार ठरवण्यासाठी वापरला, आणि आजही आमचं काम तेच आहे.

यातली एक बाब लक्षात ठेवा. काच स्वतः किती मंद आहे यापेक्षा ती शेजारच्या माध्यमापेक्षा किती मंद आहे, यावर वाकणं ठरतं. घरी पाहायचं असेल तर मुलीच्या जुन्या चष्म्यातली निघालेली साधी काच घ्या. छापील कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्यानं भरलेल्या परातीच्या तळाशी ठेवा आणि काच पाण्यात पूर्ण बुडवून तिच्यातून अक्षरं पाहा. हवेत ती अक्षरं जितकी लहान दिसत होती तितकी आता दिसणार नाहीत. काचेचा इंडेक्स साधारण १.५ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे फरकच उरला थोडा. मायनस आठची साधी काच पाण्यात जेमतेम मायनस पावणेतीनची राहते. आपल्या डोळ्याचंही तसंच आहे. डोळ्याची एकूण ताकद साठेक डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो) असते आणि तिच्यातले सुमारे ४३ एकट्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे कॉर्नियाचे असतात. पण ते हवेच्या जोरावर. त्याचा इंडेक्स १.३७६ आहे, पाण्याच्या अगदी जवळ. म्हणून विहिरीत किंवा मालवणच्या समुद्रात गॉगलशिवाय डोळे उघडले की चांगली नजर असलेल्यालाही सगळं धूसर दिसतं. गॉगल घातला की डोळ्यापुढे हवेचा थर परत येतो आणि नजर परत येते.

आता तुमच्या मुलीचा नंबर. मायनस आठ म्हणजे काच नसताना तिला सुमारे साडेबारा सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं धूसर होत जातं. तिच्या डोळ्यात किरण मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडेच एकत्र येतात. मायनस काच ते डोळ्यात शिरण्याआधी थोडे फाकवते. किती फाकवायचे, ते नंबर ठरवतो. म्हणजे काच १.५ ची असो की १.७४ ची, मायनस आठची असेल तर ती किरणांना एकसारखंच वाकवणार. इंडेक्स वाढला की तेवढंच वाकवायला कमी गोलाई पुरते, आणि गोलाई कमी झाली की कड पातळ होते. हाय इंडेक्सचं मुख्य काम हेच. त्यामुळे डोळे बारीक दिसण्याची तक्रार तिच्यानं सुटत नाही. काच डोळ्यापासून बारा मिलिमीटरवर असली तर मायनस आठच्या नंबरमध्ये सगळं सुमारे नऊ टक्के लहान दिसतं. तिला जग तेवढं लहान दिसतं आणि आपल्याला तिचे डोळेही लहान दिसतात. काच डोळ्याच्या जवळ आणली तर हे कमी होतं, कॉन्टॅक्ट लेन्स लावली तर जवळपास जातंच. चष्म्यातच राहायचं असेल तर नाकाच्या पॅडवर बसवून काच पापण्यांना न लागेल इतकी जवळ घेता येते. हे काम फुकटात होतं, फक्त बसवणाऱ्यानं वेळ द्यायला हवा.

जाडीचं गणित आता करू, कारण निर्णय त्यावरच आहे. मायनस काच मध्ये सगळ्यात पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते. मधल्यापेक्षा कड किती जाड, याचं ढोबळ सूत्र असं: मध्यबिंदूपासून कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले इंडेक्समधून एक वजा करून त्याची दुप्पट. अंतर मीटरमध्ये घेतलं की उत्तर मीटरमध्ये येतं. सूत्रात अंतराचा वर्ग आहे, हे नीट पाहा. इंडेक्स १.५ वरून १.७४ केला तर भागणारा आकडा १ वरून १.४८ होतो. अंतर मात्र थोडं वाढलं तरी वर्गामुळे जाडी भरभर वाढते.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा नाकाच्या पुलावर ५४-१८ असे आकडे असतात. पहिला एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं अंतर. समजा मुलीची फ्रेम ५४-१८ आहे. दोन्ही काचांच्या मध्यांमधलं अंतर होतं ७२ मिलिमीटर आणि तिची पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६२. म्हणजे काचेचा ऑप्टिकल मध्य, जिथून किरण न वाकता सरळ जातो तो बिंदू, प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. बाहेरची कड मग मध्यापासून २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटरवर जाते. आता फ्रेम ४६-२० घ्या. मध्यांमधलं अंतर ६६, सरकवायचं फक्त २, बाहेरची कड २५ मिलिमीटरवर. ३२ चा वर्ग १०२४ आणि २५ चा ६२५. एवढ्यानंच कडेची वाढ जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरते.

आकडे घालून पाहू. मोठ्या फ्रेममध्ये मायनस आठची साधी १.५ ची काच कडेला मधल्यापेक्षा सुमारे ८.२ मिलिमीटर जास्त जाड होते. पॉलिकार्बोनेट ७.०, १.६० ची ६.८, १.६७ ची ६.१ आणि १.७४ ची ५.५. लहान फ्रेममध्ये त्याच क्रमानं ५.०, ४.३, ४.२, ३.७ आणि ३.४. यात मधली जाडी मिळवायची. साध्या काचेत ती दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते, हाय इंडेक्समध्ये एक ते सव्वा. म्हणजे मोठ्या फ्रेममध्ये १.७४ ची काच कडेला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास येणार, आणि लहान फ्रेममध्ये १.६० ची काच साडेपाचच्या आसपास. महागडी काच मोठ्या फ्रेममध्ये घालून जे मिळतं, त्यापेक्षा एक मिलिमीटर पातळ काच मधल्या भावात मिळते. कड प्रत्यक्षात या ढोबळ आकड्यांपेक्षा थोडी इकडेतिकडे येईल. काच अ‍ॅस्फेरिक (कडेकडे गोलाई बदलत जाणारी) आहे का, पुढची गोलाई किती, सिलिंडर नंबर (एकाच दिशेनं लागणारा नंबर) आहे का, यावर ते अवलंबून आहे. पण कोण कोणाच्या पुढे, हा क्रम बदलत नाही.

एक आणखी निरीक्षण सांगतो. त्याच फ्रेममध्ये १.६७ वरून १.७४ वर गेल्यावर लहान फ्रेमला ०.३ मिलिमीटर वाचतात, मोठ्या फ्रेमला ०.६. भावातला फरक मात्र सहसा याच दोन पायऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा असतो. मायनस बारा-चौदाच्या गिऱ्हाइकाला मी १.७४ आवर्जून सांगतो. मायनस आठला, फ्रेम नीट निवडलेली असेल तर, मी तिचा आग्रह धरत नाही. वजनाचंही पाहा. पॉलिकार्बोनेट वजनाला हलकं, एका घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम, १.६० चं मटेरियल सुमारे १.३ आणि १.७४ चं सुमारे १.४७. म्हणजे १.७४ मध्ये आकारमान कमी झाल्यानं जे वाचतं, त्यातलं काही मटेरियलच्या जडपणात परत जातं.

आता रंगांची तक्रार. इंडेक्सचा आकडा एकच लिहिलेला असला तरी खरं तर प्रत्येक रंगाला तो वेगळा असतो. निळा प्रकाश काचेत लाल प्रकाशापेक्षा थोडा जास्त मंदावतो, म्हणून तो थोडा जास्त वाकतो. पांढरा प्रकाश त्यामुळे फाकतो. दहावीच्या पुस्तकात प्रिझमच्या चित्रासोबत याला अपस्करण म्हटलंय. चष्म्याची काच मध्यभागी प्रिझम नसते, पण मध्यापासून दूर गेलं की तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांशी तिरके होत जातात आणि तो भाग प्रिझमसारखाच वागतो. किती, तेही सरळ हिशोबात सांगता येतं: मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. मायनस आठच्या काचेतून मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूनं पाहिलं तर आठ प्रिझम. म्हणजे एका मीटरवरची वस्तू आठ सेंटिमीटर सरकलेली दिसते. हे सरकणं रंगानुसार थोडं थोडं वेगळं असतं. ते किती वेगळं, हे सांगणाऱ्या आकड्याला अ‍ॅबे नंबर म्हणतात. जर्मनीतल्या येना शहरातल्या एर्न्स्ट अ‍ॅबे यांच्या नावावरून तो आला. हा आकडा मोठा असला की रंग कमी फाकतात.

साध्या १.५ च्या प्लॅस्टिक काचेचा, आम्ही जिला सीआर-३९ म्हणतो तिचा, अ‍ॅबे नंबर ५८ आहे. १.६० च्या चांगल्या मटेरियलचा ४१ च्या आसपास, १.६७ चा ३२, १.७४ चा ३३ आणि पॉलिकार्बोनेटचा ३०. आठ भागिले तीस केलं की पॉलिकार्बोनेटमध्ये एका मीटरवर लाल आणि निळ्या कडेत २.७ मिलिमीटरचं अंतर पडतं. १.६० मध्ये ते २ होतं, सीआर-३९ मध्ये १.४. एका मीटरवर हे कमी वाटेल, पण दहा मीटरवरच्या रस्त्याच्या दिव्याला ते २.७ सेंटिमीटर होतं. अंधारात उठून दिसणाऱ्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला पिवळट-लालसर कड तुमच्या मुलीला दिसते ती हीच. ती दिसायला डोळ्यात बिघाड असावा लागत नाही. ती सांगते ते तिला खरंच दिसतंय. इतकं नेमकं सांगणाऱ्या मुलीचं म्हणणं ‘होईल सवय’ म्हणून कुणी उडवून लावू नये.

याच आकड्यांवरून दिसेल की पॉलिकार्बोनेटवरून १.७४ वर गेल्यानं ३० चे ३३ होतील, म्हणजे रंगांत नावापुरताच फरक. १.६० वर गेलं तर फरक जाणवेल. पॉलिकार्बोनेट वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ते सहजी फुटत नाही, आणि लहान मुलांना, खेळाडूंना, एकाच डोळ्यानं दिसणाऱ्या माणसाला मी तेच देतो. तुमच्या मुलीला लहानपणी ते दिलं असेल तर बरोबरच दिलं. कॅमेऱ्यात आणि दुर्बिणीत दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून रंग एकमेकांविरुद्ध काटतात, पण चष्म्यात तो उपाय वजनामुळे चालत नाही. चष्म्यातले उपाय म्हणजे अ‍ॅबे नंबर मोठा असलेलं मटेरियल, आणि मध्य बाहुलीच्या अगदी समोर येईल असं अचूक फिटिंग. मध्य दोन-तीन मिलिमीटरनी चुकला तर ती सरळ बघतानाही प्रिझममधूनच बघत असते. म्हणून पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, नाकाच्या मध्यापासून मोजून घ्या. बऱ्याच चेहऱ्यांत ती डावी-उजवी सारखी नसते.

आता परावर्तन. प्रकाशाचा वेग जिथे बदलतो त्या प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश आत न जाता मागे फिरतो. वेगातला फरक जितका मोठा, तितका जास्त. सरळ पडणाऱ्या किरणासाठी हिशोब असा: इंडेक्समधून एक वजा, भागिले इंडेक्स अधिक एक, आणि त्याचा वर्ग. १.५ च्या काचेला एका पृष्ठभागावर ४ टक्के येतात, १.६० ला ५.३, १.६७ ला ६.३ आणि १.७४ ला ७.३. काचेला दोन पृष्ठभाग असतात, म्हणजे कोटिंग नसलेल्या १.७४ च्या काचेतून जवळजवळ चौदा टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. काच जितकी महाग, तितकी ती जास्त चमकते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. म्हणून हाय इंडेक्स काचेवर कोटिंग असायलाच हवं. पैसे वाचवायचे असतील तर इंडेक्स एक पायरी खाली आणा, पण कोटिंग सोडू नका.

ट्यूबलाइटखाली कोटिंग नसलेली काच धरून थोडी तिरकी करा. एकाच ट्यूबच्या दोन प्रतिमा दिसतील, एक पुढच्या पृष्ठभागावरची आणि एक मागच्या. दोन्ही पांढऱ्या. कोटिंग केलेली काच तशीच धरली तर दोन्ही प्रतिमा मंद आणि हिरवट दिसतात. एक पांढरी आणि एक हिरवट दिसली, तर कोटिंग एकाच बाजूला आहे असं समजा. मागच्या पृष्ठभागाचं कोटिंग जास्त महत्त्वाचं, कारण पाठीमागच्या खिडकीचा किंवा गाडीच्या दिव्याचा उजेड तिथूनच थेट डोळ्यात परततो.

कोटिंग काम करतं कसं, हे मला स्वतःला फार सुंदर वाटतं. काचेवर एक अतिशय पातळ थर चढवला की सीमा दोन होतात: हवा आणि थर, थर आणि काच. दोन्हींवरून थोडा थोडा प्रकाश परततो. थराची जाडी प्रकाशाच्या त्या थरातल्या लहरीच्या पाव पट ठेवली तर आतून परतणारी लाट जाऊन-येऊन अर्धी लहर मागे पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना मिटवतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर, इंडेक्स १.३८, हिरव्या प्रकाशासाठी सुमारे १०० नॅनोमीटर लागतो. म्हणजे एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आणि परतणारा प्रकाश मिटला म्हणून तो वाया जात नाही, तेवढा जास्त पलीकडे जातो. काच खरोखरच जास्त पारदर्शक होते. १८८६ मध्ये लॉर्ड रॅलेला जुनी, हवेनं डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते असं आढळलं होतं. १९३५ मध्ये येना इथल्या झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत असा थर चढवण्याची रीत बसवली. आज चष्म्याच्या काचेवर सिलिकॉन डायॉक्साइड आणि झिर्कोनियम किंवा टायटॅनियमचं ऑक्साइड यांचे थर एकाआड एक चढवतात, म्हणजे एकाच रंगाचं परावर्तन न मिटता सगळ्यांचं मिटतं. तरीही थोडंसं उरतं. फोटोत दिसणारी हिरवट झाक ती हीच. तिरकं पाहिलं की प्रकाशाची थरातली वाट बदलते आणि झाकेचा रंगही बदलतो.

याच कारणानं कोटिंगच्या काचेवर बोटाचा डाग जास्त उठून दिसतो. बोटाच्या तेलाचा थर कोटिंगचं मोजलेलं गणित बिघडवतो आणि तेवढ्या जागी चमक परत येते. काच आधी नळाखाली धुवा, गरज वाटली तर भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ कापडानं टिपा. कोरडी पुसली की धूळ काचेवर घासली जाते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका आणि गरम पाण्यानं धुऊ नका. प्लॅस्टिक तापून जितकं पसरतं तितकं कोटिंग पसरत नाही, आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात. त्या परत भरता येत नाहीत. नेलपॉलिश काढायचं द्रव पॉलिकार्बोनेटच्या आसपासही नको, अ‍ॅसिटोननं ते मटेरियलच खराब होतं.

वलयांचं कारण थोडं वेगळं आहे. मंद माध्यमातून हवेत बाहेर पडणारा किरण स्तंभिकेपासून दूर वाकतो, हे वर आलं. काचेच्या आतून तो पृष्ठभागावर फार तिरका आला तर त्याला बाहेर वाकायला जागाच उरत नाही आणि तो शंभर टक्के आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. ते ज्या कोनापासून सुरू होतं तो क्रांतिक कोन १.५ च्या काचेत सुमारे ४२ अंश, १.७४ मध्ये ३५ आणि हिऱ्यात अवघा २४ अंशांच्या जरा वर. हिऱ्याची झळाळी आणि ऑप्टिकल फायबरमधून इंटरनेट वाहून नेणारा प्रकाश, दोन्ही यावरच चालतात. चष्म्यात मात्र तो त्रास होतो. काचेची घासलेली पांढरट कड पुढच्या-मागच्या पृष्ठभागांमध्ये उलटसुलट परतत राहते आणि तिच्या एकापलीकडे एक अशा प्रतिमा समोरच्या माणसाला वलयं म्हणून दिसतात. मायनस काच कडेला जाड असल्यामुळे त्या मोठ्या नंबरला हटकून दिसतात. फ्रेम लहान केली की कड लहान होते, कोटिंगनं वलयं मंदावतात, आणि कडेला फ्रेमच्या रंगाशी जुळणारा हलका रंग दिला तर पांढरी रेघच उरत नाही. जाड प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची फ्रेम घेतली तर बरीचशी कड तिच्यातच लपते. तारेच्या किंवा बिनकडेच्या फ्रेमचा मोह इथे टाळा.

तुम्ही ओघात ब्लू कट काचेचंही विचारलंय. तिच्यावर निळसर झाक दिसते, कारण तिचं कोटिंग निळ्या प्रकाशाचा थोडा भाग मुद्दाम परतवतं. डोळ्यांचा ताण कमी होतो म्हणून ती विकतात. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण अशा काचांनी थोड्या मुदतीत कमी होतो असं आढळलं नाही. ते पैसे मी चांगल्या दोन्ही बाजूंच्या साध्या एआर, म्हणजे चमक मारणाऱ्या, कोटिंगवर घालीन.

तर तुमच्या मुलीसाठी मी हे लिहून देईन. फ्रेम ४६ ते ४८ रुंदीची, उंची मध्यम, कोपरे गोल, अ‍ॅसिटेटची आणि जमल्यास नाकाला पॅड असलेली. फ्रेमच्या दोन आकड्यांची बेरीज तिच्या पीडीच्या जितकी जवळ तितकं चांगलं. काच १.६० ची अ‍ॅस्फेरिक, दोन्ही बाजूंना कोटिंग, कडेला रंग. कड आणखी पातळ हवी असा तिचा आग्रह असेल तर १.६७, पण रंग थोडे जास्त दिसतील हे तिला आधी सांगा आणि तिलाच ठरवू द्या, चष्मा तिच्या नाकावर असणार आहे. ऑर्डर देताना पीडी दोन्ही डोळ्यांची वेगळी लिहून घ्या आणि बाहुलीची उंची फ्रेम तोंडावर चढवून मार्क करून घ्या. चष्मा हातात आला की दुकानातल्या लेन्सोमीटरवर नंबर आणि मध्य तुमच्यासमोर तपासायला सांगा. शाईचे दोन ठिपके तिच्या बाहुल्यांसमोर येतायत का ते तिला सरळ समोर बघायला लावून पाहा. पहिले आठ-दहा दिवस बाजूचं पाहताना डोळ्यांऐवजी मान वळवायची सवय केली की उरलेसुरले रंगही जाणवेनासे होतात. दोन आठवड्यांनीही ते त्रास देत असतील तर फिटिंगचा मध्य परत मोजून घ्या. तोही बरोबर निघाला तर याच लहान फ्रेममध्ये साधी सीआर-३९ घालून बघायलाही हरकत नाही. कड सात मिलिमीटरच्या आसपास येईल, पण रंग आजच्या जवळजवळ निम्म्यावर येतील.